डेलाइट पाळी

पिट्सबर्गच्या स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये शनिवारी सकाळी पेन अव्हेन्यूवर गेलं की मासळीवाले, चीजवाले, इटालियन किराणा आणि कॉफी भाजणारे यांच्या मधोमध काळ्या-पिवळ्या कपड्यांचे ठेले लागतात. काळा-पिवळा हा या शहराचा रंग. फुटबॉल, बेसबॉल आणि आइस हॉकी, तिन्ही संघांचा एकच. त्या टी-शर्टांवर खेळाडूंची नावं असतात, तसे शब्दही असतात. यिन्झ. नेबी. जॅगऑफ. रेड अप. एन-अ‍ॅट, म्हणजे ‘वगैरे’. बाहेरगावचा माणूस वाचतो, हसतो, एखादा विकत घेतो. मला त्या ठेल्यांपाशी नेहमी थोडं थांबायला होतं. हे शब्द मी कपड्यांवर वाचायच्या आधी माणसांच्या तोंडून ऐकले होते, आणि ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगावर मी तो टी-शर्ट कधी पाहिलेला नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा किंवा खुबा बदलून घरी आलेल्या, पक्षाघातानंतर पुन्हा पाऊल टाकू लागलेल्या वयस्कर लोकांकडे जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. माझा भाग म्हणजे मोनोंगाहेला नदीचं खोरं, इथल्या लोकांच्या भाषेत नुसतं ‘मॉन व्हॅली’. होमस्टेड, मनहॉल, ब्रॅडॉक, ड्यूकेन, मॅकीझपोर्ट. एके काळी या नदीच्या दोन्ही काठांनी पोलादाचे कारखाने एकाला एक लागून उभे होते. अँड्र्यू कार्नेगीने १८७५ साली ब्रॅडॉकला सुरू केलेला एडगर थॉमसन कारखाना अजून धगधगतो आहे. बाकीचे बहुतेक गेले. त्या कारखान्यांत तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं काढलेले पुरुष आणि त्यांच्या डब्यांची, कपड्यांची, पाळ्यांची गणितं सांभाळलेल्या बायका हे माझे रुग्ण. त्यांची नावं-गावं मी सांगणार नाही. त्यांची बोली मात्र सांगावीशी वाटते, कारण ती फार थोड्या घरांत उरली आहे.

यिन्झ म्हणजे तुम्ही, पण एकाहून अधिक असलेले तुम्ही. प्रमाण इंग्रजीत एका माणसालाही ‘यू’ आणि दहा माणसांनाही ‘यू’. मराठी कानाला ही उणीव लगेच कळते. अमेरिकेच्या दक्षिणेने ती ‘यॉल’ म्हणून भरून काढली, न्यूयॉर्ककडच्या लोकांनी ‘यूझ’ म्हणून, आणि पिट्सबर्गने ‘यू वन्स’ची गाठ मारून ‘यिन्झ’ केलं. माझ्याबरोबर शिकाऊ विद्यार्थिनी असली की स्वयंपाकघरातून आजींची हाक येते, ‘यिन्झ वाँट कॉफी.’ हे वाक्य लिहून काढताना मी प्रश्नचिन्ह मुद्दाम घातलं नाही. इथल्या जुन्या बोलण्यात प्रश्नाचा स्वर शेवटी वर चढत नाही, खाली उतरतो. बाहेरच्या माणसाला तो प्रश्न वाटतच नाही, ठरवून टाकल्यासारखं वाटतं. खरं तर असतंही तसंच. कॉफीला नाही म्हणायची सोय त्या स्वरात ठेवलेलीच नसते.

‘स्लिपी’ हा माझ्या कामाचा शब्द. निसरड्याला पुस्तकी इंग्रजीत ‘स्लिपरी’ म्हणतात, इथे स्लिपी. हे शहर तीन नद्यांच्या काठी, डोंगरांच्या अंगावर बसलेलं आहे. ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला एकत्र येतात आणि तिथून ओहायो सुरू होते. टेकड्या इतक्या उभ्या की शहरात सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत, आणि त्यांतले कित्येक सरकारी नकाशावर चक्क रस्ते म्हणून नोंदलेले आहेत. कारखाना खाली नदीकाठी, घरं वर टेकडीवर. कामगार रोज हेच जिने उतरून जात आणि चढून परतत. माझे रुग्ण पडतात ते बहुधा अशाच एखाद्या पायरीवर, डिसेंबर ते मार्च. ‘इट वॉज स्लिपी’ हे त्यांच्या आजारपणाच्या कहाणीचं पहिलं वाक्य असतं. मी अहवालात ‘स्लिपरी’ लिहिते, कारण विमा कंपनीचा माणूस कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यात बसलेला असतो.

‘नेबी’ म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा. मूळ शब्द ‘नेब’, म्हणजे पक्ष्याची चोच किंवा माणसाचं नाक, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडातला. शब्द तक्रारीचा आहे, पण मॉन व्हॅलीत त्याला दुसरी बाजूही आहे. एका आजींचा पाय घसरला आणि त्या तळघरात पडून राहिल्या. समोरच्या घरातल्या बाईने सकाळी बघितलं की रोज सातला वर जाणारा खिडकीचा पडदा आज वर गेला नाही. ती रस्ता ओलांडून आली, दार ठोठावलं, मग पोलिसांना फोन केला. आजी मला सांगत होत्या, ‘ती पहिल्यापासून नेबी आहे,’ आणि हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. टी-शर्टवर हा शब्द फक्त चेष्टेपुरता उरतो.

‘रेड अप’ म्हणजे आवरणं. पाहुणे येणार म्हणून घर रेड अप करायचं. हाही स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडकडून आलेला. शहराने तो इतका आपला मानला की २००६ साली महापौर बॉब ओकॉनर यांनी रस्ते स्वच्छ करायची मोहीम काढली तेव्हा तिला हेच नाव दिलं. काटेरी झुडपाला इथे ‘जॅगर बुश’ म्हणतात आणि काटा टोचला की ‘जॅग’ झालं. त्याच टोचण्यातून ‘जॅगऑफ’ ही इथली लाडकी शिवी आली असावी असं मानतात. नकोसा, टोचत राहणारा माणूस. रबरबँडला ‘गमबँड’, व्हॅक्यूम क्लीनरला ‘स्वीपर’, दुकानातल्या ढकलगाडीला ‘बग्गी’, बोलोन्या नावाच्या सॉसेजला ‘जंबो’. पँटची चेन उघडी राहिली तर हळूच सांगायचं, ‘केनीवुड इज ओपन.’ केनीवुड हे १८९८ सालचं इथलं करमणुकीचं उद्यान. मॉन व्हॅलीतल्या प्रत्येक माणसाचं बालपण तिथल्या लाकडी रोलर कोस्टरवरून एकदा तरी गेलेलं असतं.

आणि उच्चार. ‘आउ’ या जोडस्वराचा शेवट इथे गळून जातो. डाउनटाउनचं डाहनटाहन, हाउसचं हाहस. ‘स्टील’ आखूड होऊन ‘स्टिल’ होतं, म्हणून फुटबॉलचा संघ ‘स्टिलर्स’. हे वैशिष्ट्य ऐकायचं तर एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला साउथ साइडबद्दल बोलतं करावं. ‘साहसाइड’ म्हणताना त्यांचा जबडा किती सैल आणि निवांत होतो ते बघत राहावंसं वाटतं.

हे सगळं आलं कुठून, याचं उत्तर शहराच्या नावापासूनच सुरू होतं. १७५८ साली जनरल जॉन फोर्ब्सने फ्रेंचांनी सोडलेली किल्ल्याची जागा घेतली आणि ब्रिटिश मंत्री विल्यम पिटचं नाव तिला दिलं. फोर्ब्स स्कॉटिश. एडिनबराच्या धर्तीवर तो या गावाला बहुधा ‘पिट्सबरा’ म्हणत असावा. शेवटचा ‘एच’ तिथून आला. १८९१ साली वॉशिंग्टनच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने देशभरच्या अशा नावांमधला तो एच काढून टाकला. पिट्सबर्गकर वीस वर्षं हटून बसले आणि १९११ साली त्यांनी आपलं अक्षर परत मिळवलं. उच्चारात नसलेल्या एका अक्षरासाठी वीस वर्षं भांडणाऱ्या या गावाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अठराव्या शतकात ॲलेगेनीच्या डोंगररांगा ओलांडून इथे आले ते प्रामुख्याने उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर भागातले स्कॉट्स-आयरिश शेतकरी. यिन्झ, नेबी, रेड अप, स्लिपी ही सगळी त्यांची शिदोरी. पूर्वेला डोंगर, त्यामुळे फिलाडेल्फियाची बोली इकडे फारशी झिरपली नाही. मग कोळसा आणि पोलाद आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्लोव्हाक, पोलिश, क्रोएशियन, रुसिन, हंगेरियन, इटालियन माणसं बोटी भरभरून आली. त्यांना इंग्रजी शिकवणारी शाळा म्हणजे कारखाना, आणि शिक्षक म्हणजे त्यांच्या आधी आलेला मुकादम. त्यामुळे स्लोव्हाक आजीच्या नातवाने जे इंग्रजी उचललं ते अल्स्टरच्या शेतकऱ्यांचं होतं. बदल्यात त्या आजीने डोक्याच्या रुमालाचा ‘बाबुष्का’, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या मांसाच्या ‘हलुपकी’ आणि बटाटा भरलेल्या ‘पिएरोगी’ शहराला दिल्या. जोडस्वराचा शेवट गळण्यामागेही या पूर्व युरोपीय जिभांचा हात असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला हे पटतं, कारण माझ्या रुग्णांत सर्वांत पक्कं ‘डाहनटाहन’ म्हणणारी माणसं बहुधा अशाच आडनावांची असतात.

इतकी वर्षं ही माणसं अशी बोलत होती आणि आपण काही वेगळं बोलतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ बार्बरा जॉनस्टन यांनी या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०१३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा मला फार महत्त्वाचा वाटतो. जेव्हा सगळेच एका तऱ्हेने बोलतात तेव्हा ती बोली नसते, ते नुसतं बोलणं असतं. ते वेगळं आहे हे कळायला गावाबाहेर जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या मुलांना बराकीत कुणीतरी हसलं, तेव्हा ते पहिल्यांदा कळलं. नंतर कामगारांची मुलं कॉलेजात गेली, ऑफिसात गेली, तिथेही कळलं. आणि मग १९८० च्या आसपास कारखाने पडले.

त्या पडण्याचा आवाका आकड्यांवरून थोडा लक्षात येतो. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती. २०२० मध्ये ३,०२,९७१. सगळे कारखान्यांमुळेच गेले असं नाही, बरेच उपनगरांत सरकले. पण १९८० च्या दशकात गेले ते कामाच्या शोधात गेले, टेक्ससला, फ्लोरिडाला, कॅरोलायनाला. त्यांनी सोबत दोनच गोष्टी नेल्या, संघ आणि बोलणं. स्टीलर्सनी सत्तरच्या दशकात चार अजिंक्यपदं मिळवली होती, म्हणजे घरातली चूल विझायच्या अगदी आधी. समालोचक मायरन कोप यांचा खरखरीत आवाज आणि त्यांचं ‘यॉय!’ पस्तीस मोसम रेडिओवरून घरोघर गेलं. १९७५ साली त्यांनीच तो पिवळा टॉवेल फिरवायची कल्पना काढली, जो आज अमेरिकेतल्या कुठल्याही शहरातल्या बारमध्ये रविवारी फिरताना दिसतो. पिट्सबर्गच्या बोलीचा पहिला गाजलेला छोटा शब्दकोश १९८२ चा आहे. ऐन त्या वर्षांत, जेव्हा खोऱ्यातल्या भट्ट्या एकेक करून थंड होत होत्या. बोलणारा माणूस टेबलाशी बसलेला असताना त्याचे शब्द कुणी छापत नाही. तो उठून गेल्यावर छापतात.

होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ साली बंद झाला. तोच कारखाना, जिथे १८९२ च्या संपात पिंकर्टन या खासगी कंपनीचे भाडोत्री शिपाई बोटींमधून नदीमार्गे आले आणि कामगारांशी त्यांची सशस्त्र चकमक झाली. आज तिथे ‘वॉटरफ्रंट’ नावाचं खरेदीचं संकुल आहे आणि त्याच्या कडेला जुन्या कारखान्याच्या बारा चिमण्या ओळीने उभ्या ठेवल्या आहेत. माझे एक रुग्ण त्या कारखान्यात होते. चालण्याचा सराव म्हणून आम्ही त्यांच्या पोर्चपर्यंत जायचो, तिथून त्या चिमण्या दिसायच्या. ते म्हणायचे, ‘व्हेनएव्हर दे क्लोज्ड द मिल...’ प्रमाण इंग्रजीत व्हेनएव्हर म्हणजे जेव्हा जेव्हा. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीसाठी. इथल्या जुन्या बोलीत, अल्स्टरच्या रिवाजाप्रमाणे, एकदाच घडलेल्या गोष्टीसाठीही व्हेनएव्हर वापरतात. ‘व्हेनएव्हर आय वॉज बॉर्न’ म्हणतात. व्याकरण इतकंच आहे. पण त्या पोर्चवर बसून ते वाक्य ऐकताना मला पुस्तकी अर्थच खरा वाटायचा. त्यांच्यासाठी तो कारखाना खरोखरच जेव्हा जेव्हा बंद पडत होता.

हे मला इतकं का लागतं याचं कारण लालबागमध्ये आहे. माझे आजोबा साताऱ्याकडून मुंबईला गिरणीत आले आणि साचेखात्यात आयुष्य काढलं. आमच्या घरातली भाषा गिरणीची होती. जॉबर, बदली, भोंगा, खानावळ, गाळा, पहिली पाळी, रात्रपाळी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जायला गिरणीच उरली नाही. लोअर परळला मॉलच्या आवारात उभी असलेली चिमणी आणि होमस्टेडच्या बारा चिमण्या यांच्यात मला तरी फरक करता येत नाही. दोन्हीकडे एकाच दशकात, हजारो मैलांवर, एकाच जातीचं जगणं संपलं. फक्त एवढंच की गिरणगावाच्या शब्दांचे टी-शर्ट अजून कुणी छापलेले नाहीत. छापावेत का, हा वेगळा प्रश्न.

टी-शर्टांबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे, ती इथेच सांगून टाकते. त्यांवर ज्या ‘यिन्झर’चं चित्र असतं तो नेहमी गोरा असतो. पण व्हर्जिनियाहून, अलाबामाहून या कारखान्यांत काळे कामगारही आले. सर्वांत तापलेल्या भट्ट्यांवर, कोकच्या ओव्हनवर त्यांनाच उभं केलं जाई. चांगल्या खात्यांची दारं त्यांना कायद्याने उघडली ती १९७४ च्या न्यायालयीन करारानंतर. माझ्या रुग्णांत तेही आहेत. त्यांचं बोलणं दक्षिणेचं आणि पिट्सबर्गचं असं एकत्र विणलेलं असतं. तेही ‘नेबी’ म्हणतात, ‘रेड अप’ म्हणतात, पण स्मरणवस्तूंच्या दुकानात त्यांचा आवाज नाही. त्यांचा आवाज ऐकायचा तर ऑगस्ट विल्सनकडे जावं लागतं. १९४५ साली याच शहराच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये जन्मलेला हा नाटककार. शाळा अर्ध्यावर सोडली, सार्वजनिक वाचनालयात बसून शिकला आणि वायली अव्हेन्यूवरच्या तंबाखूच्या दुकानात म्हाताऱ्यांची बोलणी कान देऊन ऐकत राहिला. विसाव्या शतकातल्या प्रत्येक दशकासाठी एक अशी दहा नाटकं त्याने लिहिली, त्यांतली नऊ पिट्सबर्गमध्ये घडतात. दोनांना पुलित्झर मिळालं. हिल डिस्ट्रिक्टचा खालचा भाग पन्नासच्या दशकात एका क्रीडागारासाठी पाडला गेला, हजारो लोकांना उठवलं गेलं. त्या गल्ल्यांमधली वाक्यरचना मात्र विल्सनच्या संवादांत शाबूत आहे. पिट्सबर्गची बोली म्हणून कुणी मला काही वाचायला मागितलं तर मी ठेल्यांकडे नाही, त्याच्याकडे बोट दाखवते.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. रुग्णालयाच्या ड्यूटीच्या तक्त्यावर माझ्या नावापुढे लिहिलेलं असतं, ‘डेलाइट’. म्हणजे दिवसपाळी. पिट्सबर्गमध्ये परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कामगार, सगळे हाच शब्द वापरतात. नोकरीच्या जाहिरातीतही ‘शिफ्ट: डेलाइट’ असं छापलेलं असतं. बोस्टनहून आलेल्या एका सहकारी डॉक्टरला याचा अर्थ विचारावा लागला होता. तिच्याकडे त्याला ‘डे शिफ्ट’ म्हणतात. शब्द पोलाद कारखान्यांतला आहे. भट्टी कधी विझवायची नसते, त्यामुळे चोवीस तास काम आणि त्याचे तुकडे. दिवसाच्या तुकड्याला डेलाइट, रात्रीच्याला ‘नाइट टर्न’. टर्न म्हणजे पाळी. आजोबांच्या तोंडचाच शब्द, नदीच्या काठावर इंग्रजीत.

माझे होमस्टेडचे रुग्ण पहिल्या भेटीत मला म्हणाले होते, ‘सो यू वर्क डेलाइट. गुड.’ त्यांना माझ्याबद्दल हे पहिलं कळलं आणि ते त्यांना पुरेसं होतं. त्यांच्या बायकोने लगेच सांगितलं की हे नाइट टर्नला असायचे तेव्हा ती मुलांना दिवसभर कुजबुजत बोलायला लावायची. आमच्या लालबागच्या खोलीतही हेच होतं. एकाच खोलीत झोपलेली पाळी आणि जागी असलेली पाळी.

शहराच्या मध्यभागी चौसष्ट मजल्यांची एक गंजल्या रंगाची इमारत आहे, सगळ्यांत उंच. यू. एस. स्टील कंपनीने ती आपल्याच पोलादाची बांधली, असं पोलाद की ज्याला वरवर गंज चढतो आणि तो गंजच त्याचं रक्षण करतो. २००८ पासून तिच्या माथ्यावर ‘यूपीएमसी’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची. पोलादाचं शहर रुग्णालयांचं शहर झालं याचा याहून स्पष्ट पुरावा नको. काम खालच्या नदीकाठावरून वरच्या वॉर्डांत गेलं आणि जाताना ‘डेलाइट’ हा शब्द बरोबर घेऊन गेलं. कुणी त्याला जपलं नाही, त्याचा कार्यक्रम केला नाही, तो कुठल्याही टी-शर्टवर नाही. तो वाचला तो गरजेचा होता म्हणून. चोवीस तास चालणाऱ्या जागेला पाळीसाठी शब्द लागतो, आणि भट्टी काय, अतिदक्षता विभाग काय, दोन्ही रात्री बंद ठेवता येत नाहीत. भट्टीवर उभं राहिलेल्याची मुलगी परिचारिका झाली आणि तिने घरात ऐकलेला शब्द तक्त्यावर लिहिला, इतक्या साध्या रीतीने तो पलीकडे गेला असणार.

बोलीचं खरं बळ मला इथे दिसतं. दिखाऊ शब्द आधी थकतात. माझ्या शिकाऊ विद्यार्थिनी इथेच जन्मलेल्या, पण यिन्झ म्हणतात ते स्टीलर्सच्या सामन्याच्या दिवशी, गंमत म्हणून. जोडस्वरही त्यांच्या तोंडी पुन्हा पूर्ण होऊ लागला आहे. पण त्याच मुली सहज बोलून जातात, ‘द वॉकर नीड्स फिक्स्ड’, ‘हिज ड्रेसिंग नीड्स चेंज्ड’. प्रमाण इंग्रजीत मधे ‘टू बी’ हवं. हेही अल्स्टरहून आलेलं, पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत खोल रुजलेलं. ज्यांनी आपल्या उच्चारांतून डाहनटाहन प्रयत्नपूर्वक घालवलं ते वकील, डॉक्टर, शिक्षकसुद्धा ‘कार नीड्स वॉश्ड’ म्हणतात, कारण यात काही स्थानिक आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. मराठीत आपण ‘गाडी धुवायला हवी’ म्हणतो, तिथेही मधे काही अडत नाही, त्यामुळे मला ही रचना पहिल्यापासून आपलीशी वाटली. ‘एनीमोर’चंही तसंच. नकार नसलेल्या वाक्यात ते इथे ‘हल्ली’ या अर्थाने येतं, ‘एनीमोर, एव्हरीथिंग इज एक्स्पेन्सिव्ह’. म्हातारी माणसंही असं बोलतात आणि त्यांच्या चाळिशीतल्या मुलीही.

या बोलीत आता नवी माणसं येत आहेत. शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये, ब्रेंटवुड, कॅरिक या बाजूला, भूतानमधून हाकलले गेलेले आणि नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहून इथे आलेले नेपाळीभाषक बरेच आहेत. त्यांच्या मुली रुग्णसेविका म्हणून माझ्याबरोबर काम करतात. परवा त्यांतली एक फोनवर आईशी नेपाळीत बोलत होती आणि वाक्याच्या मधोमध स्वच्छ ‘डेलाइट’ आलं. अल्स्टरच्या शेतकऱ्यांचे शब्द स्लोव्हाक मजुरांनी उचलले, तसंच आहे हे. शंभर-सव्वाशे वर्षांनी तीच रीत पुन्हा चालली आहे, फक्त शाळा बदलली, कारखान्याऐवजी वॉर्ड झाला.

मराठी घरंही यातून सुटलेली नाहीत, आणि मला त्याचा आनंद होतो. पेन हिल्सच्या टेकडीवरचं व्यंकटेश्वराचं मंदिर १९७६-७७ मधलं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. तिथल्या स्वयंपाकघरात सेवा करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. सत्तरच्या दशकात इंजिनिअर नवऱ्याबरोबर पुण्याहून आल्या, त्या इथल्याच झाल्या. त्यांचं मराठी अजून सदाशिव पेठेतलं आहे, पण पावसात मंदिराच्या पायऱ्या उतरताना त्या मागच्याला सांगतात, ‘जपून गं, स्लिपी झालंय.’ घरात ‘स्वीपर फिरवायचा’ असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी भाचीला विचारलं, ‘स्वीपर कुठे ठेवलाय?’ भाचीला कळेना. बहीण म्हणाली, अगं, व्हॅक्यूम म्हण, स्वीपर काय. काकूंनी व्हॅक्यूम शोधून काढला, दिवाणखाना साफ केला, आणि वायर गुंडाळता गुंडाळता बहिणीला सांगितलं, ‘आमच्याकडे स्वीपरच म्हणतात.’